वकिलातीचा खांब

"झेंड्याचा खांब आहे ना रे तुमच्याकडे?" असं साडूने, म्हणजे तेवीताने, फोनवर विचारलं आणि सेलुकाने "आहे की!" असं ठोकून दिलं, तिथेच सगळं बिनसलं.

साडूने साध्या आवाजात विचारलं असतं तर सेलुकाही साध्या आवाजात "नाही बुवा" म्हणाला असता. पण तेवीता पंतप्रधानांचा सचिव झाल्यापासून साधं बोलणं विसरला होता. 'तुमच्याकडे कसला आलाय खांब' हे त्याने न बोलता बोलून दाखवलं, आणि बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यापुढे मान खाली घालायची वेळ आली की माणूस नसलेला खांबच काय, नसलेला राजवाडाही असल्याचं सांगतो. आमच्या लालोमोटूच्या बेटांवर काय किंवा आणखी कुठे काय, साडू ही जात सारखीच.

"मग ठीक," तेवीता म्हणाला. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी पंतप्रधानांच्या हस्ते झेंडावंदन. परिषदेला जाताना ते तुमच्या सुव्यात थांबणार आहेत. आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते तुला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. लालोमोटूच्या रेडिओवर पंतप्रधान परवाच बोलले होते, की एवढ्याशा देशाला परदेशात वकिलाती कशाला? आता मोबाइल आलेत. सेलुकाने ते भाषण ऐकलं त्या दिवसापासून रेडिओच बंद ठेवला होता. देश एवढासा हे खरंच होतं. नकाशात लालोमोटू शोधायचा तर आधी नकाशावर माशी बसलेली नाही ना, हे बघून घ्यावं लागतं. पण वकिलात बंद झाली तर घरच्या बेटांवरून सुव्याच्या इस्पितळात येणारी माणसं उतरणार कुठे? वकिलातीच्या मागच्या खोलीत बारा महिने कोणी ना कोणी असायचंच. हल्ली कापुलेआजी होती, मोतीबिंदू काढून डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली. आणि दुसरं म्हणजे, वकिलात बंद झाली की सेलुकाला मायदेशी परत जाऊन तेवीताच्या शेजारच्या घरात राहावं लागणार होतं. दोन्हीपैकी कुठलं दुःख मोठं, हे त्याने स्वतःलाही कधी नीट विचारलं नाही.

राजदूत गुडघ्याच्या उपचारांसाठी न्यूझीलंडला गेले होते आणि गुडघा बरा व्हायचं नाव घेत नव्हता. त्यामुळे सध्या सेलुका हाच राजदूत, हाच सचिव, हाच कारकून, आणि सुटीच्या दिवशी फाटक उघडणाराही हाच. वकिलात म्हणजे सुव्यातल्या सामाबुलाच्या चढावरचं बिसेसर मास्तरांचं भाड्याचं घर, आणि सेलुका राहायचाही तिथेच. झेंडा पडद्याच्या दांडीवर अडकवून व्हरांड्याच्या कठड्याला बांधलेला असे. पाऊस आला की आत घ्यायचा, आणि सुव्यात पाऊस येतच असतो, म्हणजे आपला राष्ट्रध्वज बहुतेक वेळ स्वयंपाकघरात वाळत असायचा.

बिसेसर मास्तर बाजूच्याच घरात राहत. निवृत्त मुख्याध्यापक, उसाच्या मळ्यांवर आणलेल्या हिंदी मजुरांचे पणतू. जगात असा विषय नव्हता ज्यावर त्यांचं मत नव्हतं, आणि असं मत नव्हतं जे त्यांनी कुंपणापलीकडून सेलुकाला ऐकवलं नव्हतं.

"खांब? लावा की!" मास्तर म्हणाले. "देशाचा झेंडा आहे, चेष्टा आहे का? फक्त खड्डा खणायचा नाही."

"खड्ड्याशिवाय खांब उभा कसा राहणार, मास्टरजी?"

"तो तुमचा प्रश्न. अंगणात कुठेतरी शौचालयाची टाकी आहे. माझ्या मोठ्या भावाने बांधलीय. कुठे, ते त्यालाच ठाऊक."

"मग त्यांना विचारा ना."

"तो सिडनीला असतो," मास्तर म्हणाले, जणू सिडनीला गेलेल्या माणसाला टाकीबद्दल विचारणं हा त्याचा अपमानच. पण सेलुकाने फारच गळ घातली तेव्हा त्यांनी फोन लावला. दोघा भावांचं आधी तब्येतीवर बोलणं झालं, मग कुणाच्या तरी लग्नावर, मग वडिलांच्या जमिनीवरून थोडं भांडण झालं, आणि फोन ठेवता ठेवता उत्तर मिळालं. टाकी आंब्याच्या झाडाजवळ आहे.

"आंब्याचं झाड कुठाय?" सेलुकाने अंगणभर नजर फिरवून विचारलं.

"ते वादळात पडलं," मास्तर म्हणाले. "फार गोड आंबा होता."

टाकी राहू दे, आधी परवानगी तरी काढू, म्हणून सेलुका नगरपालिकेत गेला. टाय लावून गेला, कारण एका राष्ट्राचा प्रतिनिधी दुसऱ्या राष्ट्राच्या नगरपालिकेत जातोय म्हटल्यावर काहीतरी नको का? रांगेत त्याच्या पुढे कोंबड्यांच्या खुराड्याची परवानगी मागणारा माणूस होता. त्याचं काम चटकन झालं.

खिडकीतल्या बाईंनी सेलुकाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "झेंड्याच्या खांबासाठी वेगळा अर्जच नाही हो आमच्याकडे. इमारत आहे, कुंपण आहे, जाहिरातीचा फलक आहे. जाहिरात म्हणायची का?"

"कशाची जाहिरात?"

"देशाची."

सेलुकाने टायची गाठ घट्ट केली.

"बरं, मग माझं ऐका," बाई मायेने म्हणाल्या. "कपडे वाळत घालायचा खांब म्हणून लिहून द्या. त्याला इथे कोणी काही विचारत नाही."

"बाई, मी एका सार्वभौम राष्ट्राचा..."

"मग राष्ट्राचे कपडे वाळत घाला! पुढचा कोण आहे?"

तर अशा रीतीने लालोमोटूच्या राष्ट्रध्वजासाठी कपडे वाळत घालण्याच्या खांबाची रीतसर मंजुरी मिळाली. सेलुकाने तो कागद चार घड्या घालून खिशात कोंबला आणि घरी येईपर्यंत टाय सोडली नाही, निदान एवढी तरी इभ्रत राहू दे म्हणून.

घरी पोचतो तो तेवीताचा फोन. "एक राहिलंच. आपल्या झेंड्यापेक्षा उंच दुसरा कुठला झेंडा त्याच आवारात असता कामा नये. मागे एका परिषदेत पंतप्रधान याच कारणावरून जेवणावरून उठले होते. तुमच्याकडे तसलं काही नाही ना?"

"छे छे," सेलुका म्हणाला आणि खिडकीतून त्याचं लक्ष बाहेर गेलं.

बिसेसर मास्तरांच्या तुळशीपाशी उंच बांबू होता आणि बांबूच्या शेंड्यावर लाल झंडी फडफडत होती. हनुमानाची. मास्तरांनी दोन घरांच्या मध्ये कुंपण घातलं होतं, पण जमिनीची वाटणी कधी केलीच नव्हती. म्हणजे कायद्याने आवार एकच. आजवर सेलुका रोज सकाळी त्या झंडीकडे बघून वाऱ्याची दिशा ओळखायचा. आज तीच झंडी त्याच्या छातीवर येऊन बसली.

मास्तरांकडे विषय काढला तर त्यांनी हात वर केले. "मी हनुमानजींना सांगू, खाली उतरा म्हणून? झंडी सुमिंत्राच्या अखत्यारीत आहे. तिच्याशी बोला."

मास्तरांची बायको सुमिंत्राकाकी ओट्यावर भोपळा चिरत होती. सेलुका आठवडाभर ज्या वाटाघाटी करायची तयारी करत होता त्या सगळ्या परराष्ट्र खात्यातल्या होत्या. भोपळा आणि सुरी समोर असताना कसं बोलायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"काकी, तो बांबू आहे ना, तो थोडा..."

"थोडा काय?"

"म्हणजे, थोडा आखूड केला, चारपाच दिवसांपुरताच, तर..."

काकीने सुरी खाली ठेवली. "माझ्या पोराला कॅनडाचा व्हिसा मिळावा म्हणून कथा-पूजा केली होती, त्या दिवशी लावलीय ती झंडी. पोराचा व्हिसा आला. आता सुनेचा यायचाय. तो येईपर्यंत हनुमानजी इंचभरसुद्धा खाली यायचे नाहीत." मग तिला काहीतरी सुचलं. "तुमचीपण वकिलातच ना? तुम्ही देता का व्हिसा?"

"देतो ना!" सेलुका उत्साहाने म्हणाला. "लालोमोटूचा कधीही देईन."

"तिथे जाऊन काय करेल ती?" असं म्हणून काकीने पुन्हा भोपळा हातात घेतला.

हे ऐकून सेलुकाला जेवण गेलं नाही. तसा तो दर रविवारी प्रार्थनेला जाणारा, वडील चर्चमधले मोठे मानकरी, हनुमानाशी त्याचं काही वैर असायचं कारणच नव्हतं. पण उंचीच्या बाबतीत आता त्याला हनुमानाशी स्पर्धा करावी लागणार होती, आणि हनुमानाशी उंचीची स्पर्धा करून आजवर कोणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

अशा वेळी अपेनिसा पुढे आला. अपेनिसा वकिलातीचा ड्रायव्हर, माळी आणि सल्लागार. यातलं तिसरं पद त्याने स्वतःच घेतलं होतं.

"बॉस, काळजीच सोडा. माझा एक चुलतभाऊ बंदरावर असतो."

अपेनिसाचे चुलतभाऊ सगळीकडे असत, आणि प्रत्येकाकडे तुम्हाला हवं त्याच्यापेक्षा जरा मोठं काहीतरी असे. गेल्या वादळात कुणा गोऱ्याची शिडाची नौका खडकावर फुटली होती. होडी गेली, डोलकाठी राहिली. ती डोलकाठी चुलतभावाकडे पडून होती.

"किती उंच आहे?"

"आहे बरीच."

बरीच म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी डोलकाठी लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर आडवी पडून सामाबुलाच्या चढाला लागली तेव्हा सगळ्या सुव्याला कळलं. वळणावर ट्रकचं तोंड एका गल्लीत आणि डोलकाठीचं टोक दुसऱ्या गल्लीतल्या चिनी माणसाच्या दुकानात. मागे बसची रांग. बसमधले लोक उतरून सल्ला द्यायला लागले. तेवढ्यात वकिलातीसमोरच्या घरातले कॅप्टन विलियामे धावत आले. कॅप्टन आयुष्यभर बोटीवर होते आणि निवृत्त झाल्यापासून गच्चीवर दुर्बीण लावून बंदराचा कारभार घरूनच बघायचे. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि ट्रकला "डावीकडे! अजून डावीकडे!" असं बंदरात जहाज घ्यावं तसं आत घेऊ लागले. ट्रकने वकिलातीचं फाटक पाडलं, पण बाकी कोणाला काही लागलं नाही.

"आता ही उभी करायची कुठे?" हा खरा प्रश्न होता. रस्त्याच्या बाजूला विजेच्या तारा. व्हरांड्याजवळ छप्पर आडवं येत होतं. राहिली अंगणाच्या मधली जागा. तिथे मास्तर म्हणाले टाकी नाही, कारण आंब्याचं झाड तिथे नव्हतं हे त्यांना पक्कं आठवतं. कॅप्टन म्हणाले टाकी आहे, कारण गवत तिथेच जास्त हिरवं आहे. यावर दोघांची चांगलीच जुंपली. मास्तर म्हणाले, समुद्रावरच्या माणसाने जमिनीविषयी बोलू नये. कॅप्टन म्हणाले, ज्याला स्वतःच्या घरची टाकी सापडत नाही त्याने शाळेत भूगोल शिकवला, हे सुव्याच्या मुलांचं दुर्दैव. सेलुका दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा याला आणि एकदा त्याला मान डोलावत होता. शेवटी घरमालक मास्तर, तेव्हा त्यांचं खरं मानून अपेनिसाने पहार घातली.

गवताबद्दल कॅप्टनचं म्हणणं बरोबर निघालं.

वासाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. बस थांब्यावरची माणसं पुढच्या थांब्याकडे चालू लागली. मागच्या खोलीतून कापुलेआजीचा आवाज आला, "पोरा, माझा डोळा बांधलाय रे, नाक नाही बांधलेलं!"

टाकी दुरुस्त व्हायला माणूस मिळेपर्यंत वकिलातीचं शौचालय बंद. मग अख्ख्या वकिलातीला शेजाऱ्यांकडे जावं लागलं. सकाळी उठून हातात साबण, खांद्यावर टॉवेल आणि चेहऱ्यावर मुत्सद्देगिरी अशा थाटात सेलुका कुंपणाच्या फटीतून मास्तरांकडे जाई. मास्तर दारातच वर्तमानपत्र घेऊन बसलेले. ते आधी जागतिक राजकारणावर दोन प्रश्न विचारत आणि मग आत सोडत. एका सकाळी त्यांनी समुद्राची पातळी वाढली तर लालोमोटूचं काय होणार, यावर सेलुकाचं सविस्तर मत विचारलं. जगात एवढ्या घाईच्या प्रसंगी या विषयावर बोलावं लागलेला सेलुका हा एकटाच मुत्सद्दी असावा.

अखेर कोपऱ्यात, पेरूजवळ, सिमेंट ओतून डोलकाठी उभी राहिली. आणि उभी राहिली ती काय! चढावरच्या सगळ्या घरांच्या वर, झाडांच्या वर, मास्तरांच्या झंडीच्या तर कितीतरी वर. बंदरातूनही दिसावी अशी. दोन ठिकाणी आडव्या दांड्या, टोकाला कप्पी. शेजारीपाजारी फाटक नसलेल्या फाटकातून आत येऊन मान मागे टाकून बघून जायचे.

"किंचित वाकडी आहे," मास्तर म्हणाले.

"काठी सरळ आहे," कॅप्टन म्हणाले. "तुमचं घर वाकडं आहे."

सुमिंत्राकाकीने मात्र वर बघून हात जोडले. "तुमचा उंच गेला म्हणून हनुमानजी रुसत नाहीत हो. पण वरून काही पडलं तर आमच्या तुळशीवर पडू देऊ नका म्हणजे झालं."

सेलुकाला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

बुधवारी सकाळी रंगीत तालीम. लालोमोटूचा झेंडा तुम्ही पाहिला नसेल. निळा समुद्र, त्यात पांढऱ्या लाटा, आणि लाटांच्या वर पंख पसरलेला पांढरा समुद्रपक्षी. अपेनिसाने झेंडा दोरीला बांधला, सेलुकाने छातीवर हात ठेवला, कॅप्टनने सलाम ठोकला आणि झेंडा सरसर वर गेला. टोकाला जाऊन कप्पीत कचकन अडकला आणि वाऱ्यावर पसरला. सेलुकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

कापुलेआजीची पट्टी त्याच सकाळी निघाली होती. ती मागच्या दारातून भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि वर बघत उभी राहिली.

"पक्षी पाण्याखाली का रे पोहतोय?"

"आजी, डोळा अजून नवा आहे," सेलुका समजुतीने म्हणाला. "डॉक्टर म्हणाले ना, थोडे दिवस उलटसुलट दिसेल."

"डॉक्टर म्हणाले धूसर दिसेल. उलटं दिसेल असं कुठे म्हणाले?"

सगळ्यांनी वर बघितलं. पक्षी उताणा होता, पंख खाली, पाय वर, आणि त्याच्या डोक्यावर सगळा प्रशांत महासागर हेलकावे खात होता.

पुढचा तासभर दोरी ओढण्यात गेला. अपेनिसाने ओढली, मास्तरांनी ओढली, मग दोघांनी मिळून ओढली, आणि कॅप्टन "अशी नाही, अशी!" म्हणत होते तेव्हा ती तुटून खाली आली. दोरी खाली, झेंडा वर.

"अपेनिसा," सेलुका दात आवळून म्हणाला, "तुला वरचं खालचं कळत नाही का रे?"

"बॉस, तुम्हीच तर हातात दिलात तसा."

"काठीवर उलटा झेंडा म्हणजे काय, माहितीये ना तुम्हाला?" कॅप्टनने विचारलं. कॅप्टनना अशी माहिती अगदी नको त्या वेळी द्यायची खोड होती. "समुद्रावर त्याचा अर्थ एकच. आम्ही संकटात आहोत, मदतीला या. बंदरातल्या प्रत्येक जहाजाला दिसत असणार हा."

घरात फोन वाजला.

आता इथे सेलुकाची चूक झाली, असं नंतर सगळे म्हणत. पण इतक्या वर्षांत वकिलातीत वार्ताहराचा फोन पहिल्यांदाच येत होता. पलीकडून कोणी रेडिओवाला विचारत होता, लालोमोटूत काही गडबड झालीय का? सरकार सुखरूप आहे का? आता सरळ सांगावं तर सांगावं काय? की झेंडा उलटा गेला, दोरी तुटली, टाकी फुटली? सेलुकाने घसा साफ केला आणि मोठमोठ्या देशांचे राजदूत म्हणतात तेच वाक्य, जे म्हणायची संधी मिळावी म्हणून तो आयुष्यभर वाट बघत होता, ते भारदस्त आवाजात म्हणून टाकलं, "या घडीला मी यावर काहीही बोलू शकत नाही."

दुपारच्या बातम्यांत आलं, लालोमोटूच्या वकिलातीवर संकटाचा झेंडा, अधिकाऱ्यांचं मौन.

मग बातमीला पाय फुटले. पहिल्यांदा सरकार डळमळलं. बस थांब्यापर्यंत येईतो ते पडलं. बाजारात पोचेपर्यंत पंतप्रधान होडीतून पळाले होते आणि मच्छीबाजाराच्या टोकाला गेल्यावर बिचारे बुडालेही. चिनी माणसाच्या दुकानातलं पीठ आणि डबाबंद मासे संपले. सेलुका तेवीताला फोन लावून लावून थकला, पण तेवीता पंतप्रधानांबरोबर विमानात होता आणि विमानात साडूचा फोन पोचत नाही.

आणि माणसं येऊ लागली. लालोमोटूची माणसं. आधी विद्यापीठातली मुलं आली, पुस्तकं तशीच छातीशी धरून. मग मालवाहू बोटीवरचे खलाशी, कामाच्या कपड्यांत. इस्पितळात शिकणाऱ्या परिचारिका. औषधोपचाराला आलेली म्हातारी माणसं, त्यांना धरून आणणारे नातेवाईक. एक बाई कडेवर पोर आणि हातात अर्धवट शिजलेल्या माशाचं पातेलं घेऊन आली, कारण बातमी ऐकली तेव्हा पातेलं हातात होतं. सगळ्यांचा प्रश्न एकच. "आमच्या घरी काय झालंय?"

"काहीही झालेलं नाही!" सेलुका व्हरांड्यात उभा राहून ओरडत होता. "झेंडा उलटा लागलाय, बस्स!"

"सरकारी माणूस आहे," एक खलाशी दुसऱ्याच्या कानाशी म्हणाला. "तो असंच सांगणार."

लोक अंगणात चटया टाकून बसले. म्हाताऱ्यांनी प्रार्थना सुरू केली, मुलींनी सूर धरला, आणि फुटक्या टाकीच्या अंगणात बेटावरची जुनी स्तोत्रं अशी काही घुमायला लागली की कॅप्टनसुद्धा गप्प बसले. सुमिंत्राकाकी कुंपणाच्या फटीतून आत आली. तिने गर्दी बघितली, सेलुकाकडे बघितलं. "एवढी माणसं उपाशी बसलीत नि तुम्ही वर तोंड करून काय बघताय? चला, परात धरायला या." मग लालोमोटूचा प्रभारी राजदूत भोपळ्याची भाजी आणि रोट्यांच्या पराती वाहू लागला. मास्तरांनी आपलं शौचालय सर्वांना खुलं केलं आणि दारात उभं राहून रांग लावली. त्यांना शाळा पुन्हा भरल्यासारखं वाटत होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा पडलेल्या फाटकातून एक काळी गाडी आत आली. पंतप्रधान उद्या सकाळी यायचे होते, पण विमानतळावरून हॉटेलकडे जाताना त्यांना लांबून टेकडीवरच्या डोलकाठीवर आपला निळा झेंडा दिसला आणि त्यांनी गाडी वळवायला सांगितली.

पंतप्रधान उतरले. गळ्यात फुलांचा हार, अंग चांगलं भरलेलं, मागे तेवीता बॅग घेऊन. अंगणात क्षणभर स्तोत्र थांबलं.

"जिवंत आहेत!" एक म्हातारी किंचाळली, आणि अंगण टाळ्यांनी, रडण्याने आणि आरोळ्यांनी दुमदुमून गेलं.

पंतप्रधानांना असं स्वागत निवडणूक जिंकली त्या दिवशीही मिळालं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले. व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "खरं सांगतो, वाटलं होतं इथे एक सुस्त कचेरी असेल. पण आज तुम्ही सगळे माझ्यासाठी, कामधंदा टाकून... सेलुका, एवढी माणसं कशी गोळा केलीस?"

मागून तेवीता डोळ्यांनी खुणावत होता. एवढंच म्हणायचं होतं, 'साहेब, आपल्यावरचं प्रेम.' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण सेलुकाच्या हाताला रोटीचं पीठ होतं, बुटांना टाकीचा चिखल होता, आणि पंधरवडाभर जो तो त्याला शहाणपण शिकवत होता. आतून काहीतरी सुटलं.

"मी नाही गोळा केली, साहेब! तुमचं सरकार पडलं असं ऐकून आलीत ती! वर बघा! पक्षी उलटा आहे! दोरी तुटलीय, शौचालय फुटलंय, फाटक गेलंय, आणि हा खांब नगरपालिकेच्या दप्तरात कपडे वाळत घालायचा खांब आहे!"

तेवीताने डोळे मिटून घेतले. पंतप्रधानांनी हळूच वर बघितलं. मग खाली, सगळ्या चेहऱ्यांकडे. त्यांनी विचारलं,

"सरकार पडलं हे ऐकून ही माणसं काळजीने आली, का आनंदाने?"

खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. विद्यार्थी पुस्तकांत बघायला लागले.

"मी तर इथेच होते," कापुलेआजी म्हणाली. "पण काळजी वाटली मला. तुझी नाही रे, माझ्या डुकरांची. गडबड झाली तर पहिली डुकरं जातात."

पंतप्रधानांचं पोट आधी हललं आणि मग हसू बाहेर आलं. ते पायरीवरच बसले आणि हसत राहिले, आणि अंगण हसायला लागलं. मग त्यांनी कापुलेआजीचा हात धरला आणि तिला विचारलं, इथे कुठे राहतेस, कोण बघतं तुझ्याकडे? आजीने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. मग परिचारिकांतल्या एका मुलीने सांगितलं की पहिले सहा महिने तीही तिथेच राहिली. खलाशांतल्या एकाने सांगितलं, त्याचा बाप त्याच खोलीत वारला आणि सेलुकाने पेटीपासून जहाजापर्यंत सगळं केलं. सेलुका खाली मान घालून उभा होता. हे कोणी कधी फोनवर विचारलं नव्हतं.

"मोबाइलमध्ये नाही मावणार हे," पंतप्रधान तेवीताकडे न बघता म्हणाले. "राहू दे ही वकिलात." मग परत वर बघून त्यांचा चेहरा कडू झाला. "पण तो पक्षी तेवढा सरळ करा रे कोणीतरी! बघवत नाही."

लगेच दहा तोंडांतून दहा सल्ले निघाले. शिडी आणा. अग्निशमन दलाला बोलवा. डोलकाठी आडवी करा. अपेनिसाचा एक चुलतभाऊ पतंगाला गळ बांधून मासे धरायचा, तो...

सेलुकाने बूट काढले. टाय काढली. खलाशांच्या चटईवर पडलेला दोरखंड उचलला, त्याचा फास करून दोन्ही पायांत अडकवला, जसा लहानपणी नारळावर चढताना अडकवायचा, आणि कोणाला काही कळायच्या आत तो डोलकाठीवर होता. एकेक ढांग टाकत, दोरखंड आवळत. पहिली आडवी दांडी आली, दुसरी आली. खाली सुमिंत्राकाकी ओरडत होती, तुळस सांभाळा! कॅप्टन ओरडत होते, वाऱ्याच्या बाजूने! मास्तर ओरडत होते, काठी वाकडी आहे, मी आधीच म्हणालो होतो!

टोकाला पोचून त्याने कप्पीतली गाठ दातांनी सोडवली, झेंडा फिरवला आणि बांधला. पक्षी एकदा फडफडला आणि समुद्राच्या वर आला. खालून मोठा जल्लोष झाला.

"शाबास! आता उतर!" तेवीता ओरडला. "पंतप्रधानांना निघायचंय! आणि उतरताना आधी डावा पाय टाक, ऐकतोयस ना?"

वर वारा छान होता. बंदर दिसत होतं, त्यापलीकडे खडकांची पांढरी रेघ, त्यापलीकडे नुसतं पाणी, घराच्या दिशेने गेलेलं. सेलुका आडव्या दांडीवर नीट बसला, एक हात काठीभोवती टाकला आणि कानाला हात लावून खाली खूण केली, की इथे काही ऐकू येत नाही.